अंगण खरोखरच वांकडें असेल तर?

नाचतां येईना अंगण वांकडें, ही म्हण ज्यानें आपल्या सोबत्याच्या तोंडावर एकदां तरी फेंकली नाहीं, असा विद्यार्थी विरळाच. अक्षर बिघडलें, तर म्हणे टांक वाईट होता; चित्र फसलें, तर म्हणे कुंचला जुना होता; अशीं कारणें सांगणाऱ्यास गप्प बसविण्यास ह्या चार शब्दांसारखें दुसरें साधन नाहीं. आम्हींही त्यांचा उपयोग पुष्कळ केला आहे. परंतु ह्या वर्षीं आमच्यावर असा प्रसंग आला कीं, अंगण खरोखरच वांकडें निघालें. आणि तें सरळ करण्याचें काम नाचणाऱ्याचें कीं दुसऱ्या कोणाचें, हा प्रश्न आमच्यापुढें उभा राहिला. त्याचें जें उत्तर आम्हांस सुचलें तें वाचकांपुढें ठेवावें, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

आमच्या शाळेच्या कार्यशाळेंत एक लहानसा सी. एन. सी. राऊटर आहे. ज्या पालकांनीं व माजी विद्यार्थ्यांनीं हें यंत्र पाहिलें नसेल, त्यांच्यासाठीं त्याची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. एका चौकोनी सांगाड्यावर एक पूल मागें-पुढें सरकतो. त्या पुलावर एक मोटार डावी-उजवीकडे व वर-खालीं सरकते. आणि त्या मोटारीच्या टोकास अतिशय वेगानें फिरणारें धारदार पातें बसविलेलें असतें. संगणकानें जी रेघ आंखून दिली, तिच्यावरून हें पातें चालतें व लांकूड कोरतें. हाताऐवजीं आंकड्यांच्या आज्ञेनें चालणारें असें कातकामाचें यंत्र १९५२ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेनें प्रथम लोकांस दाखविलें. त्या वेळीं आज्ञा भोंकें पाडलेल्या फितीवरून वाचल्या जात, आणि त्या वाचणाऱ्या सामानानें मोठी जागा अडविलेली असे. पुढें २००९ सालीं ग्रबल नांवाची आज्ञावली सर्वांस मोफत उपलब्ध झाली. आणि जें यंत्र मोठ्या कारखान्यांतच दिसे, तें हळूहळू हौशी माणसाच्या घरीं व शाळेच्या खोलींत येऊन बसलें.

ह्या यंत्राच्या तळाशीं एक फळी स्क्रूंनीं घट्ट बसविलेली असते. इंग्रजी जाणणारे तिला स्पॉइलबोर्ड म्हणतात. आम्ही तिला तळफळी म्हणूं. कोरावयाचें लांकूड तिच्यावर ठेवून आवळावयाचें असतें. पातें लांकडाच्या आरपार गेलें, तर तो घाव तिनें अंगावर घ्यावयाचा आणि खालचा धातूचा सांगाडा व वरचें पातें अशीं दोहोंचीही राखण करावयाची. खर्च होण्यासाठींच तिची योजना आहे. अशा वस्तूकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं, आणि आमचेंही गेलें नाहीं.

प्रसंग असा घडला. आमच्या शाळेचे एक जुने शिपाई ह्या वर्षीं सेवानिवृत्त होणार होते. सारी शाळा त्यांस मामा म्हणते. पावसांत भिजून आलेल्या पहिलींतल्या मुलाचें दप्तर पुसून देणारे, परीक्षेच्या दिवशीं पेन विसरलेल्यास खिशांतलें पेन काढून देणारे हे मामा. त्यांस निरोपाच्या वेळीं त्यांच्या घराच्या दारावर लावण्यासाठीं सागवानी नांवाची पाटी द्यावी, असें आम्हां कार्यशाळेंतील मुलांनीं ठरविलें. वर्गणी काढून फळी आणली. संगणकावर अक्षरें मांडलीं. अणकुचीदार पात्यानें अक्षरें १ मिलिमीटर खोल कोरावयाचीं, म्हणजे त्या पात्याच्या कोनाप्रमाणें रेघ २ मिलिमीटर रुंद उठते, असा हिशेब केला. निरोपसमारंभास दोन दिवस उरले असतांना यंत्र सुरू केलें. मामांचें नांव पाहतां पाहतां उमटलें, तेव्हां आम्हीं टाळ्याही वाजविल्या. परंतु पातें जसजसें उजवीकडे सरकूं लागलें, तसतशी रेघ बारीक होत चालली. आणि आडनांवाच्या शेवटच्या अक्षरापाशीं पोहोंचेपर्यंत तिचा केवळ नखाचा ओरखडा उरला. नांव ठसठशीत आणि आडनांव पुसट, अशी ती पाटी पाहून आमची जी मनःस्थिति झाली, ती सांगण्यासारखी नाहीं. तीस वर्षांहून अधिक काळ ज्यानें आमच्यासाठीं घंटा वाजविली, त्याचें नांवसुद्धां आम्हांस धड पुरें लिहितां आलें नव्हतें.

मग दोषारोपाचें सत्र सुरू झालें. एक म्हणाला, पातें बोथट आहे; दुसरा म्हणाला, संगणकांतील आंकडे चुकले; तिसऱ्यानें लांकूड वांकडें असल्याचा निकाल दिला. सुदैवानें बांकांची दुरुस्ती करण्यासाठीं आलेले एक वृद्ध सुतार मेस्त्री तेथेंच होते. त्यांनीं आयुष्यांत संगणकास हात लावलेला नव्हता. त्यांनीं पाटी उलटसुलट करून पाहिली, तिच्या कडेवर एक डोळा मिटून नजर लावली आणि म्हणाले, "लांकूड सरळ आहे, पोरांनो. हें ठेवलें होतें कशावर, तें दाखवा."

आम्हीं तळफळी दाखविली. मेस्त्रींनीं यंत्र बंद करण्यास सांगितलें. मग पुलाची उंची तीच कायम ठेवून, पात्याचें टोक हातानें सरकवीत एकेका कोपऱ्यावर आणविलें. आणि वहीचे सुटे कागद मागून घेऊन टोक व फळी ह्यांच्या फटींत ते एकावर एक सरकविले. डाव्या कोपऱ्यांत एक कागद अडकला. उजव्या कोपऱ्यांत तेरा कागद गेले तेव्हां कोठें टोक टेंकलें. साधा कागद सुमारें ०.१ मिलिमीटर जाड असतो, हें आम्हांस पुस्तकावरून ठाऊक होतें. म्हणजे ६०० मिलिमीटर रुंदीच्या त्या फळीवर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूपर्यंत जवळजवळ १.२ मिलिमीटरांचा उतार होता! आमची पाटी ४५० मिलिमीटर लांब. तेवढ्या अंतरांत ०.९ मिलिमीटर उतार पडला. खोली मुळीं १ मिलिमीटर धरलेली. मग शेवटच्या अक्षराच्या वांट्यास ०.१ मिलिमीटर आली, ह्यांत नवल तें काय? पात्यानें आपली आज्ञा तंतोतंत पाळली होती. सांगितलेल्या पातळीवरून तें तसूभरही हललें नव्हतें. वांकडें होतें तें अंगण.

मेस्त्री जें पुढें बोलले, तें आम्हांस फार मोलाचें वाटतें. ते म्हणाले, "आमच्या गांवीं भात झोडायच्या आधीं दरसाल खळें करतात. गेल्या वर्षींचें खळें चालत नाहीं. पावसानें जमीन बसते, कोठें फुगते, उंदीर बिळें करतात. खणायचें, पाणी मारायचें, चोपायचें, शेणानें सारवायचें, मग पहिला भारा आणायचा. तुम्हीं पहिला भारा आणलात आणि खळें केलेंच नाहीं." बोरीवलीच्या ज्या भागांत आज उंच इमारती उभ्या आहेत, त्या एक्सर, शिंपोली, मागाठाणें इत्यादि गांवांतही एके काळीं भाताचीं शेतें होतीं, तेथील आज्यापणज्यांस ही गोष्ट कोणी समजावून सांगावी लागली नसती. आम्ही त्यांच्याच भूमीवर राहतों, परंतु तेवढा एक धडा विसरलों होतों.

आतां तळफळी सपाट कशी करावयाची, हें सांगतों. कारण ज्या शाळांत असें यंत्र आहे, तेथील विद्यार्थ्यांस त्याचा उपयोग होईल. ह्या कामीं सुताराचा रंधा चालत नाहीं. फळी नुसती सपाट होऊन भागत नाहीं, तर तिचा पृष्ठभाग पातें ज्या पातळींत सरकतें तिच्याशीं समांतर व्हावा लागतो; आणि ती पातळी फक्त यंत्रासच ठाऊक असते. म्हणून यंत्राकडूनच फळी तासून घेतात. त्यासाठीं तळ सपाट असलेलें रुंद पातें लागतें; आमचें २५ मिलिमीटर रुंदीचें होतें. आधीं फळीचे स्क्रू पृष्ठभागाच्या पुरेसे खालीं गेले आहेत कीं नाहींत, हें पाहावें. फिरणारें पातें स्क्रूवर आदळलें तर पात्याचा तुकडा उडून डोळ्यास इजा होण्याचें भय असतें. मग फळीभर शिसपेन्सिलीनें आडव्या-उभ्या रेघांचें जाळें काढावें. पातें फळीच्या सर्वांत उंच भागास लावून तेथें शून्य धरावें, आणि तेथून अर्धा मिलिमीटर खालीं उतरवून सारी फळी पट्ट्यापट्ट्यांनीं तासावी. पहिल्या फेरींत उंच भागावरील रेघा नाहींशा होतात, खोलगट भागावरील तशाच राहतात. तेव्हां फळीचा चढउतार नकाशासारखा डोळ्यांपुढें उभा राहतो. पेन्सिलीची शेवटची रेघ पुसली गेली, म्हणजे काम झालें असें समजावें.

गणिताची आवड असलेल्यांसाठीं हिशेबही देतों. पात्याची रुंदी २५ मिलिमीटर असली, तरी प्रत्येक पट्टा मागल्या पट्ट्यावर थोडा चढावा म्हणून आम्हीं दर वेळीं १५ मिलिमीटरच सरकलों. ६०० मिलिमीटर रुंदीस असे ४० पट्टे झाले. प्रत्येक पट्टा ६०० मिलिमीटर, म्हणजे एकंदर चाल २४ मीटर. मिनिटास दीड मीटर ह्या गतीनें एका फेरीस १६ मिनिटें लागलीं. आमचा उतार १.२ मिलिमीटरांचा, म्हणून अर्ध्या अर्ध्या मिलिमीटराच्या तीन फेऱ्या कराव्या लागल्या. म्हणजे ४८ मिनिटें नुसती तासणी, आणि तिच्या आधींची तयारी वेगळी. त्यानंतर मेस्त्रींच्या रीतीनें कागदाची परीक्षा घेतली. चारही कोपऱ्यांत एकच कागद अडकला, दुसरा जाईना.

येथें एका गैरसमजाचा खुलासा केला पाहिजे. आमच्यांतील एकानें गवंड्याची पाणसळ आणून फळीवर ठेवली व बुडबुडा मध्यभागीं येत नाहीं म्हणून तो चिंतेंत पडला. परंतु पाणसळ दाखविते ती क्षितिजाशीं जुळणारी समपातळी. कान्हेरीच्या लेण्यांत डोंगरावरचें पावसाचें पाणी खडकांत कोरलेल्या पन्हाळींतून शेजारच्या टांक्यांत नेलें आहे. तेथील कारागिरांस उताराचें ज्ञान नसतें, तर टांकीं कोरडीं राहिलीं असतीं. त्यांच्या कामांत पाण्याचा कौल अखेरचा होता. आमचें यंत्र मात्र तिरप्या टेबलावर ठेवलें असलें तरी चालतें. फळी व पातें ह्यांचें परस्परांशीं जुळलें कीं पुरे. कोणत्या कामास कोणती कसोटी लावावयाची, हें ओळखणें हाही शिक्षणाचाच भाग आहे.

तथापि यंत्रानें यंत्रासाठीं सपाट केलेली फळी म्हणजे सत्य सपाटपणा, असेंही मानूं नये. मोटार किंचित् कलती बसली असेल, तर रुंद पात्याची एक कड खोल जाते व दुसरी उथळ. मग पट्टे एकमेकांवर कौलांसारखे चढलेले दिसतात. पात्याच्या २५ मिलिमीटर रुंदींत ०.१ मिलिमीटर कल असला, तर १५ मिलिमीटरांच्या प्रत्येक पट्ट्यागणिक ०.०६ मिलिमीटरांची पायरी पडते. ती डोळ्यांस क्वचित् दिसते, पण बोटाच्या नखास लागल्यावांचून राहत नाहीं. अशा वेळीं फळी पुनः पुनः तासून उपयोग नाहीं. आधीं मोटार सरळ उभी केली पाहिजे. त्याचप्रमाणें ज्या दांड्यांवरून पूल सरकतो त्या दांड्याच वांकल्या असतील, तर त्यांचा बांक फळींत जसाच्या तसा उतरतो. यंत्रास स्वतःचा दोष दिसत नाहीं. तें आपल्या दोषाची नक्कल करतें आणि त्या नकलेशीं स्वतःस ताडून पाहून समाधान मानतें. पोलादी पट्टी फळीवर कर्णरेषेंत उभी धरून तिच्याखालून उजेड येतो कां, हें पाहिलें, तरच हा दोष उघडकीस येतो.

ह्या गोष्टीचा उलगडा इंग्लंडांतील प्रसिद्ध यंत्रकार जोसेफ व्हिटवर्थ यांनीं फार सुंदर केला आहे. १८४० सालीं ग्लासगो येथें ब्रिटिश असोसिएशनपुढें त्यांनीं धातूच्या सपाट पृष्ठभागांविषयीं निबंध वाचला. दोन पृष्ठभाग एकमेकांशीं तंतोतंत जुळले, एवढ्यानें ते सपाट ठरत नाहींत. एक फुगीर व दुसरा तितकाच खोलगट असला, तरीही ते जुळतातच. परंतु तिसरा पृष्ठभाग घेऊन प्रत्येक उरलेल्या दोघांशीं जुळविला, आणि तिघेही आळीपाळीनें एकमेकांशीं जुळले, तर मात्र ते सपाटच असले पाहिजेत. दोघां मित्रांचें एकमत म्हणजे सत्य नव्हे. तिऱ्हाईताची साक्ष हवी, असा ह्याचा अर्थ आहे. आमच्या कामांत यंत्र व फळी हे दोघे मित्र, आणि मेस्त्रींची पोलादी पट्टी ही तिसरी साक्ष.

बोरीवलीच्या हवेचाही विचार केला पाहिजे. आमची तळफळी एम. डी. एफ. ची, म्हणजे लांकडाचे तंतू व चिकट राळ उष्णतेनें एकत्र दाबून केलेली आहे. तिचे दोन्ही पृष्ठभाग घट्ट असतात, पण गाभा व कडा सैल. आणि कडांतून ती दमट हवा शोषून घेते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत येथील हवेंत किती ओल असते, हें ज्यांचीं दारें पावसाळ्यांत चौकटींत अडकतात, त्यांस सांगावयास नको. आमच्या फळीची खिडकीकडील डावी कड अशीच फुगली होती; शिवाय मुळांत ती बसवितांनाच कोणी यंत्राशीं जुळवून पाहिली नव्हती. वरचा घट्ट थर तासल्यावर ओल शिरणें आणखी सोपें होतें. म्हणून कडांस आधींच रोगण द्यावें, पावसाळ्यांत खिडकी लावून घ्यावी, आणि पावसाळा ओसरल्यावर फळी पुन्हां तपासावी. दुसरी काळजी धुळीची. ह्या फळीची भुकटी पिठाहून बारीक असते व तिच्या राळेंत फॉर्माल्डिहाइड असतें. ती श्वासावाटे आंत जाणें आरोग्यास अपायकारक आहे. नाकातोंडावर मुखपट्टी, डोळ्यांवर चष्मा व जवळच धूळ ओढणारा पंप, ह्यांवांचून हें काम कोणीही करूं नये.

आतां आमचें मुख्य म्हणणें. आमच्या मतें तळफळी तपासण्याचें व सपाट करण्याचें काम विद्यार्थ्यांकडेच असावें. यंत्र विकणाऱ्याच्या माणसाकडे किंवा कार्यशाळेच्या सेवकाकडे तें सोंपवूं नये. आज पुष्कळ ठिकाणीं असें दिसतें कीं, मुलांनीं चित्र निवडावें, कळ दाबावी आणि तयार वस्तु घरीं न्यावी. तिच्या आधींचें व नंतरचें सारें काम दुसऱ्या कोणीं तरी करावें. अशानें हातीं वस्तु येते, पण हाताला कांहीं येत नाहीं. ज्यानें एकदां तळफळी तासली आहे, तो पुढें कोणतेंही काम बिघडलें असतां आधीं खालीं काय आहे तें पाहील. ज्यानें तासली नाहीं, तो पात्यास, संगणकास किंवा सोबत्यास दोष देत बसेल. आमच्या गटानें दोन्ही अवस्था अनुभविल्या आहेत, म्हणून हें आम्ही खात्रीनें सांगतों.

हा विचार नवा नाहीं. पुणें जिल्ह्यांतील पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम स्थापन केला, तो मुळीं काम करतां करतां शिकावें ह्याच तत्त्वावर. तेथील मुलें लोहारकाम, सुतारकाम, शेती, विजेचें काम असें गांवास उपयोगी पडणारें खरें काम करून विज्ञान शिकतात. ज्यास फॅब लॅब म्हणतात, तशी संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची प्रयोगशाळा २००२ सालीं ह्याच पाबळांत उभी राहिली. अमेरिकेंतील मूळ संस्थेबाहेरच्या अशा पहिल्या प्रयोगशाळांत तिची गणना होते. २०१६ सालीं सुरू झालेल्या अटल इनोव्हेशन मिशननें तर देशांतील हजारों शाळांत मुलांसाठीं टिंकरिंग लॅब काढल्या आहेत. यंत्रें शाळेंत आलीं, हें उत्तम झालें. आतां त्यांची निगाही मुलांच्या हातीं आली पाहिजे, एवढेंच आमचें मागणें आहे.

ह्यावर कांहीं आक्षेप येतील. पहिला वेळेचा. दहावीच्या परीक्षेचें ओझें असतांना दोन तास फळी तासण्यांत घालविणें कित्येकांस उधळेपणा वाटेल. त्यांस आमचें उत्तर असें कीं, बिघडलेल्या पाटीवर आमचे चार तास व वर्गणीचें सागवान गेलें. शिवाय समांतरता, सरासरी, उतार व प्रमाण हीं गणितांतील प्रकरणें आम्हांस त्या दोन तासांत जेवढीं समजलीं, तेवढीं फळ्यावर पूर्वीं समजलीं नव्हतीं. दुसरा आक्षेप यंत्रविद्या जाणणाऱ्यांचा. ते म्हणतील, यंत्रास एक स्पर्शकांटा जोडला म्हणजे तें लांकडाची उंची जागोजागीं मोजून घेतें व खोली आपोआप सांभाळतें. मग फळी तासावी कशाला? हें खरें आहे, आणि उथळ कोरीव कामास ती युक्ति उत्तम आहे. परंतु तिनें केवळ वरच्या पृष्ठभागापुरती खोली सांभाळली जाते. एका जाडीचे दोन तुकडे करून त्यांचा सांधा बसवावयाचा असेल, किंवा लांकूड उलटून दुसऱ्या बाजूनें कोरावयाचें असेल, तर खालचा उतार कोठें ना कोठें डोकें वर काढतोच. तिसरा आक्षेप धोक्याचा. तो आम्हांस मान्य आहे. म्हणूनच शिक्षक जवळ उभे असल्यावांचून आणि यंत्र थांबविण्याच्या लाल कळीवर एकाचा हात असल्यावांचून हें काम करूं नये, असें आम्ही म्हणतों.

उलट दिशेनें होणाऱ्या अतिरेकाचाही आम्ही निषेध करतों. सपाटपणाची गोडी लागली म्हणून दर आठवड्यास फळी तासत बसणें, हें व्यसन होय. १८ मिलिमीटरांची फळी अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरानें खाल्ली, तर ती लवकरच इतकी पातळ होईल कीं, स्क्रूंचीं डोकीं वर येतील. जाड लांकूड नुसतें आरपार कापावयाचें असेल, तर थोड्या उताराची पर्वा नाहीं. पातें फळींत पाव मिलिमीटर अधिक उतरविलें म्हणजे झालें. कोठें बारकावा हवा व कोठें नको, हें कळण्यासाठींसुद्धां आधीं फळी हातानें तपासलेली असली पाहिजे.

म्हणून आमच्या शाळेपुढें आम्ही तीन सूचना नम्रपणें ठेवितों. प्रत्येक सत्राच्या पहिल्या आठवड्यांत नव्या गटानें चारही कोपऱ्यांची व मध्याची कागदानें परीक्षा घ्यावी, आणि तीन कागदांहून अधिक फरक आढळला तरच फळी तासावी. ती तारीख, तो फरक व तासलेली खोली यंत्राजवळच्या वहींत लिहावी, म्हणजे पुढच्या गटास मागच्या गटाचा अनुभव मिळेल. आणि ज्यानें ह्या कामांत एकदां तरी भाग घेतला नाहीं, त्यास स्वतःची वस्तु कोरण्यासाठीं यंत्र देऊं नये. शेवटची सूचना कांहींस कडक वाटेल. परंतु खळें करण्यास जो आला नाहीं, त्यानें धान्य न्यावयास आधीं यावें, हें कोणत्या गांवांत चालतें?

मामांची दुसरी पाटी निरोपसमारंभाच्या सकाळीं पुरी झाली. तिच्यासाठीं सागवानाचा तुकडा मेस्त्रींनींच आणून दिला व त्याचें मोल घेतलें नाहीं. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत रेघ सारखी २ मिलिमीटर रुंद आली. आम्हीं ती पुनः पुनः मोजून पाहिली. मामांनीं पाटीवरून हात फिरविला, आडनांवापाशीं क्षणभर थांबले, आणि "एवढें कशाला केलेंत?" एवढेंच म्हणाले. पहिली पाटी आम्हीं टाकून दिली नाहीं. ती कार्यशाळेच्या भिंतीवर यंत्राच्या अगदीं समोर लावली आहे. पुढील वर्षीं जे विद्यार्थी तेथें येतील, त्यांनीं ती डावीकडून उजवीकडे एकदां नीट वाचावी आणि मग तळफळीचे चार कोपरे तपासावयास लागावें, अशी आमची त्यांस कळकळीची विनंती आहे.